नावाडणीचा उजवा खांदा

कारखान्यात तिला सगळे मास्तर म्हणत. कापणीच्या टेबलाशी उभा राहील तो मास्तर, असा शिवणकामातला जुना शिरस्ता. बाईमाणूस म्हणून तिच्यासाठी कुणी वेगळा शब्द काढला नाही, तिनंही मागितला नाही. एकतीस वर्षं ती त्या टेबलाशी उभी होती. नाटकासिनेमांचे कपडे तिथं बेतले जात. कात्री तिची स्वतःची, पाऊण किलो वजनाची. त्या कात्रीनं तिच्या उजव्या अंगठ्याला कायमचा घट्टा पाडला होता.

तिची एक खोड होती. मापाला आलेल्या माणसाला ती नुसतं उभं करून टेप लावत नसे. हमालाची भूमिका करणारा नट असला तर त्याच्या पाठीवर कापडाचा तागा द्यायची आणि जिना चढून यायला सांगायची. तो धापा टाकत खाली आला की मग माप. नुसतं उभं राहिलेलं माणूस पोट आत घेतं, खांदे ताणतं, आणि मग आपण त्या खोट्या माणसाचे कपडे शिवत बसतो, असं तिचं म्हणणं. नट कुरकुर करत, पण तिनं बेतलेला कपडा काम करताना कधी काखेत उसवत नसे.

पुस्तकं ती फारशी वाचायची नाही. एकच वाचायची, पुन्हापुन्हा. बावीस वर्षांची असताना, शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात काजं करत होती, तेव्हा शेजारच्या मशीनवालीनं तिला ते दिलं होतं. जादूची जाडजूड कादंबरी. त्यात एक नदी होती, आणि त्या नदीच्या पाण्यात कुठलीही जादू विरघळून जायची. उडते घोडे काठावर येऊन मुकाट खाली बसत. राजा असो की मांत्रिक, पलीकडे जायचं तर नावाडणीच्या होडीत बसायचं. ही नावाडीण बावन्न वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. चाळीस वर्षं एकच लांब वल्हं उजव्या अंगाला धरून मारल्यानं तिचा उजवा खांदा रुंद झालेला, खाली उतरलेला. मोठमोठ्या मांत्रिकांच्या हातात ती डबा द्यायची आणि होडीतलं पाणी उपसायला लावायची.

पुस्तकांतल्या बायका एक तर सुंदर असतात नाही तर चेटकिणी, अशी मास्तरची तोवरची समजूत. कामानं अंग बदललेली बाई तिला कागदावर प्रथमच भेटली. पुस्तक वाचलं त्या रात्रीपासून नावाडीण तिच्या घरातलीच झाली. नवरा बसदुरुस्तीच्या आगारात फिटर होता. तो म्हणायचा, आपल्याकडे एक बाई राहते, भाडं देत नाही, आणि भांडण झालं की नेहमी तुझीच बाजू घेते.

म्हणून त्या कादंबरीवर सिनेमा निघतोय आणि कपडे आपल्याच कारखान्यात होणार, हे कळलं तेव्हा मास्तर दोन दिवस हवेत होती. तिसऱ्या दिवशी सिनेमाच्या वेशभूषेवाल्या मॅडम चित्रं घेऊन आल्या. नावाडीण बावीस वर्षांची होती. दात सगळे जागेवर. कंबर मुठीत मावेल एवढी.

मास्तरनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं आणि वल्हं कुठं आहे विचारलं.

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी समजावून सांगितलं की सिनेमात ती हरवलेली राजकन्या निघते, तळहात वर केला की होडी आपोआप चालते. वल्हं फक्त पहिल्या दृश्यात. पन्नाशीच्या बाईकडे प्रेक्षक दोन तास बघत बसत नाहीत.

"मी रोज आरशात बघते," मास्तर म्हणाली. "मला काही होत नाही."

मॅडम हसल्या, पण मालक हसला नाही. मागून येऊन त्यानं स्पष्ट सांगितलं की हा सिनेमा म्हणजे वर्षभराचं काम आहे. नायिकेच्या कोटाची ट्रायल बिघडली तर काम दुसऱ्या कारखान्यात जाईल, आणि मग या टेबलाशी दुसरा कुणीतरी उभा राहील.

कोटाचं लोकरी कापड मुद्दाम रंगवून आणलेलं होतं, करडं-हिरवं, एका कोटापुरतंच. नटीच्या मापांचा कागद मास्तरनं समोरच्या खिळ्याला अडकवला, खडूनं आखलं आणि कापलं. चाळीस मिनिटं लागली. ती एकदाही अडली नाही.

दुपारी मशीनवरच्या काकांनी हाक मारली. काका तिच्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, जिभेला हाड नसलेले.

"मास्तर, या बाईला एक हात शेजारणीचा बसवलाय का?"

मास्तरनं टेप लावला. उजवा खांदा दोन बोटं रुंद होता. उजव्या बाहीचा मुंढा खोल होता. पाठीत उजव्या अंगाला चूण सोडलेली होती, वल्हं ओढताना पाठ उघडावी म्हणून. कागद समोर लटकत असताना तिच्या हातानं कागदाकडे न बघता कापलं होतं. तीसहून जास्त वर्षं जिचं माप डोक्यात होतं तिचाच कोट बेतला गेला होता. एकतीस वर्षांत तिनं वीतभर कापडही वाया घालवलं नव्हतं.

काका म्हणाले, त्यात काय एवढं, खांदा आत घेऊ, दोन तासांचं काम, कुणाला पत्ता लागणार नाही. तिनं खडू उचलला. खांद्यावर रेघ मारायला वाकली. तशीच थांबली. मग खडू खिशात टाकला आणि म्हणाली, "असाच शिवा."

"वेड लागलंय का? उद्या ट्रायल आहे."

"माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी नटी आली, दिग्दर्शक आले, मॅडम आल्या. कोट चढवला. उजव्या बाजूनं तो असा लोंबला की जणू तिनं थोरल्या बहिणीचा कपाटातून ओढून घातलाय. मालकाचा चेहरा पडला. मॅडम चुकलेल्या मापाबद्दल काही बोलणार तोच मास्तर पुढं झाली.

तिनं नटीला विचारलं, जरा काम कराल का? भिंतीशी तागे गुंडाळायचा लांब बांबू होता. त्याच्या टोकाला तिनं कापडाचा अर्धा तागा बांधला आणि तो उजव्या अंगाला कसा धरायचा, कसा ओढायचा ते करून दाखवलं. नटी पोरगी धीट होती. तिनं बांबू धरला. पहिले चार हेलकावे हसण्यावारी गेले. दहाव्याला तिचा श्वास लागला. विसाव्याला हसणं थांबलं, पाय आपोआप रुंद झाले, खांदा खाली आला. आणि कोट बसला. पाठीतली चूण उघडत होती, मिटत होती. बाही कुठं ओढत नव्हती.

नटीनं बांबू खाली ठेवला, हाताचे तळवे पाहिले. ही बाई असं किती वर्षं करते, तिनं विचारलं. चाळीस, मास्तर म्हणाली. पोरीनं पुस्तक वाचलंच नव्हतं. तिला तिच्या दृश्यांचीच पानं मिळाली होती, आणि त्यांत हे कुठंच नव्हतं.

दिग्दर्शकांनी मनापासून छान म्हटलं. मग घड्याळ पाहिलं. पटकथा ठरलेली आहे, होडी जादूनंच चालणार, कोट नटीच्या मापाचा करून द्या.

"तिच्या मापाचा हवा तर गोष्टही तिचीच लिहायची होती," मास्तर म्हणाली. "नावाडणीची कशाला घेतली?"

मालकानं तिला गप्प बसायला सांगितलं.

"चूक माझी आहे, माझ्या नावावर लिहा. पण हा खांदा मी उसवणार नाही. उसवायचा तर दुसऱ्या हातानं उसवा."

दुसरे हात काकांचे होते. त्यांनी मान खाली घालून दोन तासांत खांदा आत घेतला. मास्तरनं त्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांनाही घर चालवायचं होतं.

तिला टेबलावरून काढून मागच्या खोलीत बटणांवर बसवलं. आठ महिने ती बटणं लावत होती. सगळ्यांना वाटलं रुसून सोडून जाईल. ती रोज वेळेवर यायची, आणि तिनं लावलेलं एकही बटण कुणाला उपटून दाखवता आलं नसतं.

सिनेमा लागला. न बघता नावं ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून ती नवऱ्याला घेऊन दुपारच्या खेळाला गेली आणि शेवटची अक्षरं सरकेपर्यंत बसली. नावाडणीनं तळहात वर केला, होडी सुळकन पलीकडे गेली. मांत्रिक आरामात बसून होते. पाणी कुणीच उपसलं नाही. बाहेर आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कशी होती?

"कोट बरा दिसला. आत होती ती बाई माझ्या ओळखीची नाही."

सिनेमा मात्र धो धो चालला. दुकानांतून तसल्या कोटांची मागणी आली आणि मालकानं दोनशे कोटांचं काम घेतलं. नव्या कापणाऱ्यानं पहिले तीस बिघडवले, तेव्हा मालक मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. घासाघीस काही झाली नाही. मास्तर उठली, कात्री घेतली, टेबलाशी गेली.

सिनेमातला कोट नमुना म्हणून दिलेला होता. तिनं तो पसरला, नीट पाहिला, घडी करून बाजूला ठेवला. मग थरावर थर टाकले आणि कापलं. पहिला कोट काकांच्या मशीनवर आला. त्यांनी उजवी बाही हातात घेतली, मुंढ्यात मूठ घालून पाहिली, चष्म्यावरून टेबलाकडे नजर टाकली. या खेपेला बोलले नाहीत. पायाखालचं पायडल दाबलं.

मालकाच्या लक्षात आलं तेव्हा एकशे साठ कोट शिवून झाले होते. एक कोट हातात घेऊन तो टेबलाशी आला.

"उजवा खांदा मोठा आहे."

"दोन बोटं."

"सगळ्यांचा?"

"सगळ्यांचा. मी माप चुकत नाही."

"कुणाचं माप?"

"जिचा कोट आहे तिचं."

एक जरी परत आला तर कात्री उचलून घरी जायचं, मालकानं बजावलं.

"बरं," ती म्हणाली. "आता जरा तिकडं सरका, मला कापड पसरायचंय."