सारसाच्या खोप्यापुढचं धान

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण बालाघाटच्या कचेऱ्यांमध्ये जेवढे अर्ज पडून आहेत, त्यातल्या निम्म्यांवर चिकटलेले चेहरे माझ्या हातचे आहेत, हे मी कुणालेही छातीवर हात ठेवून सांगतो. कोर्टाजवळ माझं फोटोचं दुकान. माणूस स्टुलावर बसला की आधी मागचा पडदा ओढायचा, कॉलरवरचा धागा काढायचा, कपाळावरचे केस बाजूले सारायचे, अन् मगच बटन दाबायचं. समोरची अडचण काढल्याशिवाय मी जन्मात फोटो काढला नाही.

वारासिवनीची एक राइस मिल दरवर्षी कॅलेंडर छापते. व्यापारी, शेतकरी, किराणावाले, सगळ्यांच्या भिंतीवर तेच लटकते. त्याच्यावरचा फोटो कितीतरी वर्षं माझा असायचा. वैनगंगेचा घाट, धानाची रोवणी, एकदा तर नुसत्या बैलाच्या डोळ्याचा. यंदा कॅलेंडर आलं, तर त्याच्यावर सारसाची जोडी. दोघंही माना वर करून ओरडून राह्यलेले. खाली बारीक अक्षरात माझ्या इवायाचं नाव. आमच्याकडे व्याह्याले इवाई म्हणतात. माझ्या एकुलत्या पोरीचा सासरा तो. धानाची शेती करतो, सही करतानाही जीभ बाहेर काढतो. अन् फोटो काढलेला मोबाइलनं. तोही काच तडकलेल्या.

आमच्या घरच्यांनी ते कॅलेंडर चुलीसमोर लावलं. मी तिकडं पाठ करून जेवायले लागलो. पण दुकानात येणाऱ्यांकडं पाठ करता येत नव्हती. एक वकील हनुवटी वर करून बसला होता, तसाच म्हणाला, "तुमच्या इवायानं काय फोटो काढला जी! तुम्ही शिकवलं का त्यायले?" मी म्हटलं, "हलू नका." फोटोत त्याचे डोळे मिटले. मी दुसरा काढला नाही.

भादव्यात पोरीचा फोन आला. "बाबा, आपल्या बांधीत सारसानं खोपा केला. दोन अंडे आहेत. मामाजी म्हणतात, तुमाले दाखवतो, या." सासऱ्याले ती मामाजी म्हणते, ते ठीक आहे. पण ज्या कौतुकानं म्हणते, ते माझ्या कानाले टोचते. लहानपणी ती माझ्या डार्करूममध्ये बसून राहायची, कागदावर चेहरा उमटला की टाळी वाजवायची. ती टाळी माझी होती.

मी मोठा कॅमेरा घेतला, लांब लेन्स घेतली, अन् गेलो.

इवायाची बांधी नदीकाठाले. चारी बाजूंनी मातीचा धुरा, आत पाणी, पाण्यात कमरेएवढं धान. मधोमध धानाच्याच काड्या ओढून सारसानं ढीग केलेला, त्याच्यावर मादी बसलेली. धुऱ्यावरून नुसतं तिचं लाल डोकं दिसायचं.

"इवाई, चपला इथंच ठेवा," तो म्हणाला. "अन् माह्या मागंमागं या."

"काहून? तिकडून जवळ पडते न."

"तिकडून मी कधी जात नाही. त्यायले माहीत आहे, हा बुढा इकडून येते, खाकरते, गवत कापते, अन् जाते."

"म्हणजे पाखराची परवानगी घ्या लागते तुमाले?"

"हौ जी. तुमाले गिऱ्हाइकाची घ्या लागत नाही का?"

पोरगी खुदकन हसली. माझ्या बोलण्यावर हसली असती तर बरं वाटलं असतं.

तो खाकरला. मादीनं मान वळवून पाह्यलं अन् पुन्हा सरळ केली. दूर उभा नर चरतच राह्यला. इवाई सांगत होता, दोघं पाळीपाळीनं बसतात, पाऊस पडला तर काड्या रचून खोपा उंच करतात, खोप्याजवळचं निंदण मी यंदा केलंच नाही. पोरगी मान डोलवत ऐकत होती, जशी पहिल्यांदाच ऐकत असंल. मी लेन्समधून पाहत होतो. मले धानाची पाती दिसत होती, अन् पातीमागं लाल ठिपका. फोटो म्हणायले लाज वाटावी, असा.

"इथून नाही जमत," मी म्हटलं.

"इतकंच दिसते जी," तो म्हणाला. "त्यायनं जागाच अशी पाह्यली."

त्या दिवशी मी तिथंच मुक्काम केला. सकाळी तांबडं फुटायच्या आधी उठलो, कॅमेरा घेतला, अन् ज्या बाजूनं तो कधी जात नाही त्या बाजूनं उतरलो. मादी उठली, नर गळा फाडून ओरडला, पण मी थांबलो नाही. जवळ जाऊन पाह्यलं. दोन अंडी, फिकट, त्यावर मातीच्या रंगाचे ठिपके. समोर धान आडवं येत होतं. मी ते हातानं वाकवलं, पायानं पाण्यात दाबलं, कमानीसारखी जागा मोकळी केली. दुकानात पडदा ओढतो, तसंच. मग धुऱ्यावर येऊन बसलो.

बऱ्याच वेळानं मादी आली. खोप्यावर चढली, मान खाली घालून चोचीनं एक अंडं हळूच फिरवलं. ऊन तिरपं आलेलं. मी बटन दाबलं.

असा फोटो माझ्या हातून आयुष्यात निघाला नव्हता. कुणाले न सांगता मी मिळाली त्या बसनं बालाघाटले परत आलो. रस्ताभर कॅमेऱ्याच्या पडद्यावर तोच पाहत होतो. पुढच्या कॅलेंडरवर हा, अन् खाली माझं नाव, अन् इवायाच्या भिंतीवर तो वर्षभर लटकणार. मले हसू येत होतं.

चार दिवसांनी मोठा प्रिंट काढून पुन्हा त्यांच्या गावी गेलो. पोरगी दारातच म्हणाली, "बाबा, एक अंडं गेलं. कावळ्यानं फोडलं. मामाजी दोन दिवस धड जेवले नाही."

मी म्हटलं, "अरेरे." अन् पिशवीतून प्रिंट काढला. खोटं कशाले लिहू, मी दाबलेलं धान तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. मले फक्त इवायाचा चेहरा पाहायचा होता.

त्यानं चष्मा लावला. प्रिंट उजेडाकडं धरला. पाहतच राह्यला. मले वाटलं, जिरली. मग त्याचं बोट मादीवर नाही, अंड्यावर नाही, खाली कोपऱ्यात आलं, जिथं मी कधी पाह्यलंच नव्हतं.

"इथलं पाणी गढूळ आहे," तो हळूच म्हणाला. "अन् हे धान सारं एकाच बाजूले पडलं. हवेनं पडलं तर मुळातून कलते. हे मधातून मोडलं."



"धान उभं असते म्हणून धुऱ्यावरच्या आंब्यातल्या कावळ्याले अंडे दिसत नाही, इवाई. पाळी बदलाले एक उठली अन् दुसरा यायचा राह्यला, तेवढ्यात त्यानं घेतलं असंल."

चाळीस वर्षं मी फोटो काढून राह्यलो, अन् माझाच फोटो त्यानं माझ्यापेक्षा जास्त वाचला. मले लाज वाटली, पण लाजेच्या आधी राग आला, तोही त्याचाच.

तेवढ्यात पोरगी चहा घेऊन आली. "कसा आहे मामाजी, बाबाचा फोटो?"

"एक नंबर," तो म्हणाला.

"अन् धान कोणी पाडलं, काही समजलं?"

त्यानं माझ्याकडं पाह्यलंही नाही. प्रिंट उलटा करून मांडीवर ठेवला. "कुत्रं असंल, बाई. मोकाट फिरतात."

मी कप उचलला अन् तसाच ठेवला. कॅलेंडर त्याचं. पाखरं त्याची. पोरगी त्याच्याकडं पाहून मान डोलवते. अन् आता माझी अब्रूही त्यानं आपल्या पदराखाली झाकायची? जन्मभर मी त्याच्या समोर बसीन अन् तो मोठ्या मनानं काही बोलणार नाही? एवढा मोठा मी त्याले होऊ देणार नव्हतो. लोक म्हणतील, बुढ्याले पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप नंतर झाला. तेव्हा नुसती जळजळ होती.

"कुत्रं नाही," मी म्हटलं. "मी पाडलं. फोटो साफ यावा म्हणून."

 पोरगी म्हणाली, "बाबा, तुमी न..." ट्रे घेऊन आत गेली. ते अर्धं वाक्य मले पूर्ण शिवीपेक्षा जड गेलं.

इवाई उठला. "चला."

"कुठं?"

"बांधीवर. माह्यासंगं गोटे माराले, कावळ्यायले. एक अंडं आहे न अजून."

त्याच्या नेहमीच्या बाजूनं गेलो. तो खाकरला. मग माझ्याकडं पाह्यलं. मीही खाकरलो. मादीनं मान वर केली ती बराच वेळ खाली घेतलीच नाही. त्याले ती एवढी घाबरत नाही, हे मी मनात लिहून ठेवलं.

त्यानंतर दर दोन दिवसांनी दुकान दुपारून उघडू लागलो. सकाळी धुऱ्यावर. कॅमेरा घरीच. आधी मले फक्त हिरवं दिसायचं. मग कुठं बगळा चालते अन् कुठं साप जाते, ते धानाच्या हलण्यावरून थोडंथोडं कळू लागलं. इवायाले विचारलं नाही, तोंडावर आलं तरी गिळलं. मिलवाल्याचा कॅलेंडरच्या फोटोसाठी फोन आला, त्याले म्हटलं, यंदा काही जमलं नाही.

एका सकाळी दुकानात गिऱ्हाईक स्टुलावर बसलं होतं, तेव्हा इवायाचा फोन. "निंगालं जी! पिल्लू निंगालं! या लवकर!" मी गिऱ्हाइकाले तसंच ठेवून ऑटो पकडला. बस मिळाली, मग पायी, शेवटी पळत. या वयात.

धुऱ्यावर इवाई अन् पोरगी उभे. खोपा रिकामा.

"गेलं का?"

"आत्ताच माय उतरली अन् मागंमागं तेही," तो म्हणाला. "पिवळं, मुठीएवढं. तुमची वाट पाह्यली इवाई, पण त्यायनं नाही पाह्यली."

म्हणजे यानं पाह्यलं. पोरीनंही पाह्यलं. मी नाही. 

"ते पाहा," पोरगी माझा हात धरून म्हणाली. "तिथं."

"मले दिसते," मी हात सोडवत म्हटलं. मोठ्या सारसाच्या मागं धानाच्या बुडाशी चार पाती हलत होती, थांबत होती, पुन्हा हलत होती. ती हालचाल नदीकडं चालली होती. मी तिथून डोळा काढला नाही.