बेलभंडारा आणि विक्रीकर

नेकनूरच्या बाजारात आम्ही दोघांनी भागीदारीत बोअरच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान टाकलं होतं. दुष्काळात असं दुकान चालतंच, त्यात आमची काही अक्कल नव्हती. भागीदार माझ्याच गावचा. त्याचा अर्धा जीव गल्ल्यावर, अर्धा सोसायटीच्या चेअरमनकीवर. पुढंपुढं तो मतं बघून पाइप वाटायला लागला, तेव्हा मी बाहेर पडलो.

बाहेर पडलो ते खंडोबाच्या देवळात. चार गावकरी बसवले, दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, आजपासून दुकान त्याचं, मी मोकळा. मी निवृत्तीच्या कागदाचं नाव काढलं, तर सगळे माझ्याकडं असे बघायला लागले, जसा काही मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलोय.

"देवापुढं सुटलो आपन. आता कागद कावून?" भागीदार म्हणाला. माना डोलल्या. विषय संपला.

पुढं विक्रीकराची नोटीस माझ्या घरी आली. पठ्ठ्यानं माझ्यामागं कर भरलाच नव्हता. बीडच्या ऑफिसात मी देवळाची हकीकत सांगितली. साहेब म्हणाले, "निवृत्तीचा लेख कुठंय? पेपरातली जाहीर नोटीस? नाही ना? मग तुम्ही अजून भागीदारच. बोजा तुमच्याही जमिनीवर चढेल."

सहीसाठी मी त्याच्या दारात किती खेटे घातले. दर वेळी तो कपाळावरच्या भंडाऱ्याकडं बोट दाखवायचा. मला त्याची किळस यायची. देवसुद्धा उधारीवर वापरणारा माणूस!

मग सोसायटीची निवडणूक लागली. करबाकीवरून विरोधक त्याच्या अर्जावर हरकत घेणार हे कळताच स्वारी फटफटीवरून माझ्या दारात. हातात टाइप केलेला कागद. त्यात लिहिलेलं, देवळातल्या त्या दिवशी निवृत्त झाला तो, दुकान आणि बाकी माझ्या गळ्यात. खाली त्याची सही आधीच केलेली.

"सही कर बे, लई घाई हाय."

मी कागद वाचला, घडी घातली आणि माझ्याच खिशात ठेवला.

"देवापुढं सुटलो आपन," मी म्हणालो. "आता कागद कावून? ह्यो छाननीला दाखवतो मी, देवळातले चारी साक्षीदार घेऊन."

त्याचा चेहरा उतरला. छाननीच्या आत त्यानं सगळा कर भरला, माझ्या निवृत्तीच्या लेखावर सही केली, पेपरात नोटीसही दिली. खंडोबाला इतक्या दिवसांत जे जमलं नव्हतं, ते एका खुर्चीनं करून दाखवलं.

गावानं त्यालाच चेअरमन केलं. पहिल्या सभेला तो कपाळभर भंडारा लावून आला होता.