पिकअपची जादा पायरी

गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली उसवताई म्हणायची. गिऱ्हाईकाने नुसतं वरचं रेक्झीन बदलायला सांगितलं, तरी ती आधी जुनी शिवण उसवून आत काय आहे ते बघायची. कोणी कुरकुर केलीच, तर आत कुजलेलं असताना वर नवं घालून काय उपयोग, असं विचारायची.  वयाची पंचावन्न उलटली, लग्न केलं नाही. बाबांच्या माघारी दुकान, मागच्या दोन खोल्या आणि शेडमधली जुनी पिकअप तिच्याकडे आली.

ती पिकअप बाबांनी नवीकोरी घेतली, तेव्हा ताईचा जन्मही झाला नव्हता. पुढे तीन रंग चढले, दारं बदलली आणि शेवटी गाडी विटांवर उभी राहिली. यंदा ताईने मनावर घेतलं. गाडी चालू करायची आणि ती कारखान्यातून निघाली तशीच करायची. पण मूळ रंगावरूनच तिची आणि दादाची जुंपली. दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा, पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला. तो म्हणायचा राखाडी, ती म्हणायची हिरवी. कोणी मागे हटेना. अखेर वहिनीने दोघांनाही झापलं. ज्याने गाडी बनवली त्याला विचारा, माझं डोकं का खाता, म्हणाली.

बॉनेटखाली रंगाच्या पापुद्र्यांआड एक पत्र्याची पट्टी होती. ताईने ती अलगद खरवडली, तेव्हा चार ओळींत अक्षरं आणि आकडे दिसले. गाडी बनताना काय काय बसवलं, ते त्यात खुणेच्या आकड्यांत होतं, त्यांचा अर्थ कारखान्यालाच ठाऊक. पण कारखाना बंद पडून जमाना झाला होता. तिने गॅरेजवाल्यांच्या मागे लकडा लावला, तेव्हा एकाकडून पत्ता मिळाला. कारखान्यातला एक म्हातारा कारकून. रद्दीत निघालेली रजिस्टरं त्याने घरी नेऊन ठेवली होती. ताईने पट्टीवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा काढला आणि पाठवून दिला. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं: ‘समक्ष यावे. फोनवर आकडे सांगत नाही, लोक चुकीचे लिहून घेतात.’

बसने तीन तास लागले. कारकूनकाकांच्या खोलीत पलंगाखाली रजिस्टरं, खिडकीत रजिस्टरं, पाहुण्यांच्या खुर्चीवरही तीच. ती हलवून त्यांनी ताईला बसायला जागा केली, चहा दिला आणि भिंग घेऊन कामाला लागले. रंगाचं नाव निघालं शेवाळी. नमुन्याचा तुकडा बघून ताईला हसू आलं. तो राखाडीही होता आणि हिरवाही. मागच्या स्प्रिंगा भारी वजनाच्या. रेडिओ नाही. हीटर नाही. बाबांनी कुठे चार पैसे जास्त घातले नव्हते, हे तिला नवीन नव्हतं.

शेवटच्या आकड्यापाशी काकांचं बोट थांबलं. हा नेहमीचा नाही, म्हणाले. त्यांनी पलंगाखालून दुसरं रजिस्टर ओढलं आणि चहा पार निवेपर्यंत पानं उलटली. नोंद सापडली. ड्रायव्हरशेजारी बसणाऱ्याच्या दाराखाली एक रुंद, बुटकी जादा पायरी आणि धरायला एक कडी. अशा मागणीला गिऱ्हाईकाला रजिस्टरातच कारण लिहून द्यावं लागे. काकांनी रजिस्टर तिच्याकडे फिरवलं. अक्षर बाबांचंच होतं.

‘पत्नीच्या उजव्या पायात जोर नाही. तिला कोणी उचलून बसवलेले आवडत नाही. स्वतः चढता यावे.’

ताई ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिली. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती. भिंतीवरच्या फोटोत आईचा फक्त चेहरा होता. बाबा आईचं नाव काढत नसत आणि कोणी काढलं तर उठून जात. आईचा पाय अधू होता, हे तिला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.  काकांनी सगळी नोंद सुवाच्य अक्षरात उतरवून दिली आणि खाली सही केली.

ती तडक दादाकडे गेली. कागद वाचून त्याने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसला.

“आई गेल्यावर आठवड्याच्या आत बाबांनी ती पायरी काढली,” तो म्हणाला. “पाना धरायला मी होतो. तू रोज सकाळी त्या पायरीवर जाऊन बसायचीस. आई येईल म्हणून. हाक मारली तरी उठायची नाहीस. बाबांना ते बघवेना. पायरी गेली की पोर विसरेल, म्हणाले.”

“विसरले की,” ताई म्हणाली.

“मला तोंड उघडायचं नाही म्हणून बजावलं होतं. पुढे मग राहूनच गेलं.”

ताईला रडू आलं नाही, रागही आला नाही. तिने विचारलं, “कशी चालायची रे?”

दादा उठला. बासष्ट वर्षांचा, पोट सुटलेला माणूस. त्याने डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला, उजवा पाय जरासा मागून ओढला आणि टेबलापासून दारापर्यंत चालत गेला. मान मात्र ताठ. दाराशी वळून तो तसाच परत आला. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती. ताईने त्याला आणखी एकदा चालायला लावलं.

मग काम झपाट्याने झालं. दाराखाली बुजवलेली चार भोकं सापडली. वेल्डरने रजिस्टरातल्या मापाने पायरी आणि कडी घडवली. शेवाळी रंग दादाने स्वतः मारला. सीट ताईने शिवली. तिघं बसतील अशी, सलग.

गाडी तपासायला कारकूनकाका बसने आले. हातात यादी, खिशात भिंग. चाकांच्या टोप्या चमकत्या बघून त्यांनी नाक मुरडलं. कारखान्यातून या गाडीला रंगवलेल्या टोप्या गेल्या होत्या. बदला, म्हणाले, आणि ताईने मुकाट मान डोलावली. मग पायरीवर पाय ठेवून, कडी धरून ते एकटेच वर चढले. दादा मध्ये सरकला आणि ताईने त्यांना त्यांच्या घरापर्यंत सोडलं. तिथे ती उभी असतानाच त्यांनी ते जुनं रजिस्टर काढलं आणि बाबांच्या ओळीपुढे शिसपेन्सिलीने लिहिलं: ‘गाडी चालू आहे.’