आजीचा डावा पाय आणि मालकाची लॉरी

आजी सकाळी गेली, शंभरीला टेकून. दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत तिच्याबद्दलचं पहिलं खोटं फॅमिली ग्रुपवर आलेलं होतं.

मोठ्या काकांचा मेसेज: "वडिलांनी मालकांची लॉरी दुरुस्त केली, त्या दिवशी आई त्यांच्यासाठी भाकरी घेऊन गेली होती. जन्मभर अशीच साथ दिली."

खाली हात जोडलेल्यांची रांग.

भाकरी नेली होती, खरं आहे. बाकीचं मी सांगते. ते मला तिनेच सांगितलंय, तेही प्रत्येक वेळी वैतागून.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. आजोबा एका व्यापाऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर. टेंभुर्णीहून कापूस भरायचा, सोलापूरच्या गिरणीत उतरवायचा. लॉरी जुनी, कुणीतरी वापरून टाकलेली.

ती चढाला ओढेना. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागच्या जागी, आणि करपल्याचा वास. क्लच धरत नव्हता.

मालकाचा एक मिस्त्री होता. डोक्यावर हॅट, तोंडात विडी, अक्कल बेताची. त्याने दोनदा क्लच उघडला, दोनदा आतल्या चकतीवर नवं लायनिंग घातलं. दोन्ही महिन्याभरात जळाली.

मग त्याने निदान केलं. "ड्रायव्हर क्लचच्या पेडलवर पाय ठेवून चालवतो."

झालं. मालकाने सगळ्यांसमोर आजोबांना सांगितलं, "आज संध्याकाळी किल्ली ठेवायची आणि निघायचं."

आणि एकदा का क्लच जाळणारा म्हणून नाव झालं, की सोलापुरात दुसरा कुठलाच मालक दारात उभा करणार नव्हता.

आजोबांनी उत्तर दिलं का? छे! मान खाली घालून लॉरीखाली शिरले. शेवटचं एकदा बघतो म्हणाले. पण पेडल दाबायला वर कुणीतरी हवं. मिस्त्री हलेना. हमाल हसायला लागले.

तेवढ्यात आजी सोलापुरात नवी पेठेच्या मागे मालकाची शेड होती, तिथे भाकरी घेऊन पोचली. वय वीस-एकवीस. फडकं बाजूला ठेवलं, नऊवारी सावरली आणि चढून सीटवर बसली.

मालक ओरडला, "बाईमाणूस गाडीवर?"

"गडीमानसं बसली न्हाईत म्हनून बसले," आजी म्हणाली.

तिच्या माहेरी हातमाग होता. पायाखालची पट्टी अडली तर कुठे अडली, हे तिला वाकून बघावं लागत नसे. पाय सांगायचा. आणि पाय अनवाणी होता, मिस्त्रीसारखा बुटात कोंबलेला नव्हता.

तिने पेडल दाबलं. सोडलं. परत दाबलं, सोडलं.

मग डाव्या पायाचा अंगठा पेडलच्या खाली अडकवून ते वर उचललं.

"अवो, ह्ये शेवटचं बोटभर येतच न्हाय! आंगठ्यानं वढलं की येतंय. तितं खाली काय अडलंय?"

म्हणजे क्लच पुरता सुटतच नव्हता. कुणाचाही पाय नसताना तो कायम थोडासा दाबलेला असायचा, आणि लायनिंग घासून जळायचं. पाय ठेवल्याचा आळ ज्याच्यावर, त्याने पाय ठेवलाच नव्हता.

लॉरीखाली आजोबांनी दांड्यावरून बोट फिरवलं.

मग आजोबा हळूच म्हणाले, "शेंदूर हाय."

खंडेनवमीला मालक गाडीची पूजा करायचा. जे हलतं त्यात देव, असं त्याचं म्हणणं. म्हणून तेलात कालवलेला शेंदूर प्रत्येक सांध्यावर. पेडलपासून क्लचकडे जाणाऱ्या दांड्याच्या खिळीवरसुद्धा. दर वर्षी एक थर, त्यावर रस्त्याची धूळ. दगड झाला होता त्याचा. मिस्त्रीने दोनदा बघितला आणि दोनदा हात जोडून सोडून दिला.

आणि दर वर्षी तो फासायचा कोण? आमचे आजोबा. मनोभावे.

"मग खरवडा की," आजी म्हणाली.

"देवाचा हाय त्यो."

"तुमची नोकरी चाललीया आन् देवाचं काय सांगताय?"

आजोबांचा हात काही उठला नाही. आजी खाली उतरली, मिस्त्रीच्या हातातला पेचकस काढून घेतला आणि लॉरीखाली शिरली. खरवडून काढला सगळा. खिळीला तेल दिलं. पेडल टणकन वर आलं.

उरल्यासुरल्या लायनिंगवरच संध्याकाळी गाडी चढ चढली. आजोबांची नोकरी राहिली.

मालकाने नारळ फोडला आणि मिस्त्रीची पाठ थोपटली. मिस्त्रीने ती थोपटून घेतली, लाज कुठे होती?

आणि आजोबांनी पुढची चाळीस वर्षं सगळ्यांना सांगितलं, "मी खाली शिरलो आन् बराबर वळखलं."

मी एकदा तिला विचारलं, तू बोलली का नाहीस?

"त्येंची गाडी चालू र्‍हायली न्हवं? आन् खरं सांगितलं आसतं तर बाईनं देव खरवडला म्हनून माझ्याच नावानं शिमगा केला आसता ह्या लोकांनी."

मी ड्रायव्हिंग शिकले तेव्हा ती मागच्या सीटवर बसायची. सारखं एकच. "पाय काड. आर्धा न्हाय, पुरता काड."

खंडेनवमीला घरच्या हत्यारांना शेंदूर तीही लावायची. टिकलीएवढा. सांध्यावर कधीच नाही.

काका, तुमचा मेसेज मी ग्रुपवर दुरुस्त केलाय. राग आला तर येऊ द्या.

आज तिला नेताना सगळे ओळीने पाया पडले. मी तिच्या डाव्या पायाचा अंगठा धरून बसले. उठा म्हणाले तरी उठले नाही.

ज्यांना भावपूर्ण वगैरे लिहायचंय त्यांनी खुशाल लिहा. फक्त भाकरीवर थांबू नका.

जा आजी. लॉरी तूच दुरुस्त केलीस.