कोशाच्या वाफेवरचा चष्मा

नागभीडकडच्या आमच्या गावातल्या कोसा केंद्रात पातेल्याजवळची जागा माझी होती. कोसे, म्हणजे टसर रेशमाचे कोश, सोड्याच्या पाण्यात शिजवायचे, मधेच एक बाहेर काढून वरचं जाळं ओढायचं आणि रेशमाचं टोक सुटतं का ते पाहायचं. कच्चा राहिला तर धागा तुटतो, जास्त शिजला तर पिंजतो. घाणा कधी उतरवायचा ते मी सांगायचे आणि बाकीच्या बाया ऐकायच्या. घरात माझं एवढं कोणी ऐकत नव्हतं.

चाळिशीनंतर चष्मा लागला. पहिला काचेचा. थंडीत पातेल्यावर वाकलं की पांढरा व्हायचा आणि जाड काच तापेपर्यंत तसाच राहायचा. म्हणून पुन्हा चष्म्याच्या दुकानात गेले आणि काम नीट समजावून सांगितलं: उकळतं पाणी, सोडा, दिवसभर वाफ.

"मंग प्लास्टिकचं भिंग घ्या मॅडम, अँटीग्लेअर कोटिंगवालं," दुकानदार म्हणाला. "वाफ धरतच नाई."

"नक्की?"

"मी सोता तेच लावून राह्यलो न."

तो पंख्याखाली बसून लावत होता.

नवं भिंग हलकं होतं, पण त्या कोटिंगवर पाणी पसरत नाही. वाफेचे बारीक थेंब दाटीवाटीने बसतात आणि समोर नुसतं दूध दिसतं. मी एकेक उपाय केला. साबणाचा पातळ हात फिरवला. पहिला घाणा निभावला, दुसऱ्याला पुन्हा दूध. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढला. पातेलंच वाकडं दिसायला लागलं. मग पदराने पुसत राहिले.

"बाई, आंधळी कोशिंबीर खेळून राह्यल्या का?" धाकटी जाऊ म्हणाली. ती पलीकडे सूत काढायला बसायची. सगळ्या हसल्या. मीही हसले, न हसून चाललं नसतं.

परत दुकानात गेले. दुकानदार आता म्हणाला, "अँटीग्लेअरनं चमक कमी होते मॅडम. वाफेसाठी अँटीफॉग वेगळं येते."

"मंग तवा काऊन नाई सांगितलं?"

"तुमी अँटीफॉग म्हटलंच नाई."

अँटीफॉग घेतलं. त्यावर वाफ पातळ पाण्यासारखी पसरायची आणि आरपार दिसायचं. तेवढ्या दिवसांत माझा एकही घाणा बिघडला नाही. पण पुसायची सवय हाताला लागलेली, पदराला सोडा लागलेला. थर गेला. हे कोटिंग घासायचं नसतं, हेही त्याने मी परत गेल्यावरच सांगितलं.

एका सकाळी लागोपाठ दोन घाणे पिंजले. केंद्राच्या साहेबांनी जावेला पातेल्याशी बसवलं. मला म्हणाले, "बाई, तुम्ही कोसे निवडायला बसा. आरामाचं काम आहे."

निवडायची जागा दाराशी आहे. तिथे वाफ पोचत नाही. तोच चष्मा दिवसभर स्वच्छ असतो आणि मी त्यातून फुटके कोसे बाजूला काढते.

पहिल्याच आठवड्यात जावेची हाक आली, "बाई, हे शिजले का पाहा न जरा." गेले. चष्मा काढला, कोसा बोटांनी दाबला, टोक सोडवून दिलं आणि उतरव म्हटलं. घाणा चांगला निघाला. साहेबांनी सूत हातात घेऊन पाहिलं आणि तिला म्हणाले, "लवकर शिकलात हो तुम्ही."

ती पुढचा घाणा चढवायला लागली.

अजूनही हाक येते. मी जागेवरूनच म्हणते, "तुले तं दिसते न," आणि पुढचा कोसा उचलते.