सहा इंची पट्टी

गेनबांचा हात हलत नसे. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या शिवारातल्या एका ऊस संशोधन केंद्रात ते खुरपणीला होते. साहेबांना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला पानाचे पातळ काप हवे असत. ते ब्लेडनं काढताना गेनबांचा हात इतका स्थिर राही की १९६६ साली केंद्रात कॅमेरा आला, तेव्हा श्रीनिवास साहेबांनी तो त्यांच्याकडेच दिला. काणीसारखे रोग लागलेल्या उसाचे जवळून फोटो काढायचे, धुवायचे आणि रजिस्टरात नोंदवायचे, हे काम.

श्रीनिवास साहेब सदाशिव पेठेतले. शिकवत मनापासून, कौतुक मात्र करत नसत. पहिल्या रोलचे बारा फोटो धुऊन आले. बाराहींत उसाचा शेंडा कापलेला.

"गेनबा, बाराही उसांचं मुंडण केलंत," साहेब म्हणाले. "शेंडीसुद्धा ठेवली नाहीत."

कॅमेऱ्याला एकावर एक अशी दोन भिंगं होती. वरच्यातून बघायचं, फोटो खालच्यातून निघायचा. लांबून फरक पडत नसे, पण जवळ गेलं की दोन बोटं चूक होई. गेनबांनी दोन भिंगांमधलं अंतर मोजलं आणि तेवढ्याच जाडीचा बाभळीचा ठोकळा तासला. स्टुलावरच्या कॅमेऱ्यातून बघून झालं की खाली ठोकळा सरकवायचा आणि मग बटण दाबायचं. पुढच्या रोलमध्ये बाराही शेंडे आले. साहेब म्हणाले, "बरं."

दुसरा धडा पट्टीचा. पांढरी, काळ्या आकड्यांची सहा इंची पट्टी प्रत्येक फोटोत पानाशेजारी हवीच. "पट्टीशिवाय फोटो म्हणजे नुसतं चित्र," साहेब सांगत. "ठिपका केवढा आहे, हे बघणाऱ्याला कळायला नको?"

गेनबांची बायको मुक्ताबाई त्याच केंद्रात खुरपणीला होती. १९६८च्या माघात एकदा अकरा फोटो झाले आणि एक उरला. रोल संपवल्याशिवाय धुता येत नव्हता. मुक्ताबाई भाकरी घेऊन बांधावर आली होती.

"अवं, मला बी पट्टी लावा की," ती म्हणाली. "मला काणी लागली न्हाई म्हणून काय झालं?"

"सरकारी फिलम हाय ती."

"मग मी काय इंग्रजांची हाय?"

तिनं स्वतःच पट्टी उचलून गालाशेजारी उभी धरली आणि दात दाखवून हसली. गेनबांनी ठोकळा सरकवला आणि बटण दाबलं. रजिस्टरात अकरा नोंदी नीट केल्या. बाराव्या आकड्यापुढे लिहिलं, 'वाया'. फोटो छापला नाहीच. निगेटिव्ह मात्र पाकिटात तसंच राहिलं.

१९७४ साली मुक्ताबाई आठ दिवसांच्या काविळीनं गेली. मूल नव्हतं. गेनबा रडले नाहीत. धाकटी मेव्हणी मथुराबाई कानाशी येऊन म्हणाली, "दाजी, रडा की जरा. लोक बघत्यात." त्यांनी मान हलवली, पण डोळ्यांत काही आलं नाही. सगळे विधी उरकले आणि ते कामावर गेले. त्या आठवड्यातले फोटो नेहमीसारखेच साफ आले.

एक गोष्ट मात्र त्यांना छळू लागली. मुक्ताबाईचं नाक आठवे, कपाळावरचं गोंदण आठवे, पण तिचा चेहरा केवढा होता ते आठवेना. कधी तो दाराएवढा वाटे, कधी नखाएवढा. आठ-नऊ वर्षं सगळं मोजून ठेवणाऱ्या माणसाला बायकोचं माप सापडेना.

वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले, तेव्हा मथुराबाईनं विचारलं, "भिंतीला लावाया तिचा एक बी फोटो न्हाई व्हय?"

"एक हाय. वाया म्हणून लिवलेला." गेनबांनी मग सगळं सांगितलं.

"मग शहरात देऊ. पट्टी खोडून, कुंकू रंगवून, रस्त्यावरनं दिसंल एवढा मोठा करून देत्यात."

"न्हाई. मीच करतो."

दुसऱ्या दिवशी ते निगेटिव्ह घेऊन साहेबांपुढे उभे राहिले. कामावरून काढलं तरी चालेल, पण हे हातातून जायला नको, एवढंच डोक्यात होतं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "'वाया' गेलेला फोटो सहा-सात वर्षं जपून ठेवलात? आपली जपणूक दांडगी आहे." मग त्यांनी निगेटिव्ह खिडकीकडे धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. "पट्टी स्वच्छ आली आहे," ते म्हणाले. "खोटी नोंद मला चालत नाही. दुरुस्त करा. आणि कागद दहा बाय बाराचा घ्या."

गेनबांनी 'वाया'वर रेघ मारली. नाव लिहिलं, तारीख लिहिली. पुढचा रकाना रोगाचा होता.

"साहेब, हितं काय लिवू?"

साहेब खिडकीबाहेर बघत होते. "'नाही' असं लिहा."

गेनबांनी 'नाही' लिहिलं.

अंधारखोलीत त्यांनी मोठं करायच्या यंत्रात निगेटिव्ह घातलं. खालच्या फळीवर मुक्ताबाई उमटली. चेहरा काळा, दात काळे, कुंकू पांढरं, आणि गालाशेजारी काळ्या पट्टीवर पांढरे आकडे. त्यांनी खिशातली पट्टी काढून त्या पट्टीला लावली. सावलीतला इंच लहान होता. यंत्राचं डोकं थोडं वर नेलं. अजूनही लहानच. आणखी वर. मग एकावर एक आला, दोनावर दोन, सहावर सहा. गेनबांनी स्क्रू घट्ट केला.

औषधाच्या पाण्यात कागदावर आधी केस आले, मग कुंकू, मग गोंदण आणि पट्टीवरचे आकडे. आता काहीतरी वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. ते सेकंद मोजत राहिले. वेळ झाली तेव्हा कागद बाहेर काढला.

संध्याकाळी मथुराबाईनं फोटो दोन्ही हातांत धरला. चेहऱ्याकडेच बघत राहिली.

"दाजी, एवढीच होती व्हय ती?"

"एवढीच. मोजून घेतलीय."

मथुराबाई हुंदके देऊन रडू लागली. गेनबांनी तिच्या हातातून फोटो हळूच सोडवला आणि बाजूला ठेवला.

"त्याच्यावर पाणी नको," ते म्हणाले. "डाग ऱ्हातो."