तिचा आराखडा

एकोणीस वर्षं मी सोलापुरात एकाच वकिलाच्या, आमच्या सरांच्या, ऑफिसात वकिली करत काढली. सर मला ‘अरे’ म्हणायचे, त्यात मला मुलासारखं वाटायचं. मग पुण्याहून एक वकीलबाई आल्या, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. सर त्यांना ‘तुम्ही’ म्हणू लागले, सकाळी आधी त्यांनाच आत बोलवू लागले. माझ्या पोटात दुखू लागलं.

एका रविवारी बाईंनी आम्हा सगळ्यांना बसवून विचारलं, “पाच वर्षांनी आपलं ऑफिस कुठं असेल?”

“इथंच, कोर्टासमोर,” मी म्हणालो. सगळे हसले. त्याही हसल्या, तेच मला झोंबलं.

त्यांनी प्रत्येकाला कागद दिला. आज काय काम करता, पुढं काय करायला आवडेल, एवढंच लिहायचं होतं. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि दोघा ज्युनिअरांना बाजूला घेऊन सांगितलं, “ही पुण्याची थेरं आहेत. कुणी भरू नका.” आमचे कारकून मान हलवून म्हणाले, “व्हय की.” तीन आठवडे एकही कागद परत गेला नाही. सर बाईंना काही बोलतील, याची मी वाट बघत होतो.

मग माझ्याच दोन तारखा एका दिवशी आल्या. मी सोलापूरच्या कोर्टात उभा, आणि दुधनीच्या एक पक्षकार बाई अक्कलकोटच्या कोर्टात माझी वाट बघत बसलेल्या. मी साफ विसरलो होतो. दुपारी कळलं, की डायरी पाहून त्या वकीलबाईच तिकडं धावल्या आणि पुढची तारीख घेऊन आल्या.

“सरांना सांगितलंत?” मी विचारलं.

“नाही. तीन कोर्टांच्या तारखा एकटा माणूस किती सांभाळणार? म्हणून तर कागद मागत होते, दादा.”

त्यांनी चुगली केली असती, तर मला त्यांचा मनसोक्त राग करता आला असता.

मी कागद काढला. ‘काय करायला आवडेल’पाशी पेन थांबलं. हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी लिहिलं : फक्त जमिनीच्या वाटण्यांचे दावे.

पुढच्या बैठकीत मीच पहिला उठून तो वाचला. मग बाकीच्यांनीही भरले. अक्कलकोट एका ज्युनिअरकडे गेलं, वाटण्या माझ्याकडे आल्या. काम सुधारलं, हे मी कबूल करतो. पण बाररूममध्ये कुणी “बाईंनी ऑफिस बदललं हो” म्हणालं, की मी चहा अर्धा टाकून उठतो.